वजन कोणी उतरवलं?

अन्याय नेल्सन सरांवर झाला. गेल्या वर्षी, गणपती बसायच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी सव्वासहा वाजता, मुलुंड पूर्वेला गावडे सरांच्या ज्युदो हॉलच्या पायरीवर. साठेक पालक आणि त्यांची मुलं बघत होती. अन्याय करणारी मी.

त्या दिवशी ज्यांच्या हातात पिवळं पत्रक पडलं त्यांना आठवत असेल. वर जाड अक्षरांत ‘पिंजऱ्याला नकार द्या’, मधे माझ्या मानेवरच्या गाठीचं वर्णन, खाली माझी सही. दोनशे प्रती छापल्या होत्या. त्यातलं एक पत्रक आज अंधेरीतल्या एका सोसायटीच्या फाईलला पुरावा म्हणून लावलेलं आहे. त्या सोसायटीच्या तळमजल्यावर नेल्सन सर एमएमए शिकवतात. म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, ज्युदो सगळं एकत्र, जाळीच्या पिंजऱ्यात. येत्या रविवारी सभा आहे. विषय एकच: सरांना हॉल सोडायला सांगायचं की नाही. म्हणून हे घाईने लिहितेय.

हकीकत आजारपणाची आहे, पण रडायची तयारी करून बसू नका. त्या सात-आठ महिन्यांत मी जितकी हसले तितकी आधीच्या तेवीस वर्षांत हसले नसेन.

टाळ्या

मी स्नेहल, राहणार घाटकोपर. अकरा वर्षं गावडे सरांकडे ज्युदो, ब्लॅक बेल्ट, सत्तावन्न किलोचा गट. उरलेल्या वेळात आमच्या भागातली मैदानं वाचवणाऱ्या समितीचं काम. पत्रक लिहायला तिथेच शिकले. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं, मधे राग. राग माझ्याकडे कायम शिल्लक असतो.

ज्युदोत जे मिळवायचं ते मिळवून झालं असं वाटलं आणि मी अंधेरीला नेल्सन सरांकडे जायला लागले. गावडे सर आठवडाभर बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “अकरा वर्षं लुगडं विणलं, आता त्याची पायपुसणी कर.”

पहिली फाईट बावन्न किलोच्या गटात ठरली. पाच किलो उतरवायचे होते. मी भात सोडला, जाड जॅकेट घालून पळायला लागले. आणि वजन असं उतरलं म्हणून सांगू! पाच आठवड्यांत बावन्न. मग भात परत सुरू केला तरी एक्कावन्न. पन्नास. मी दर सोमवारी काट्यावर उभी राहायचे आणि जिममधल्या पोरी टाळ्या वाजवायच्या. “काय बॉडी आहे यार तुझी!” सकाळी उठले की टीशर्ट घामाने ओलाचिंब. मला वाटायचं, वा, झोपेतसुद्धा चरबी जळतेय. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. मी म्हणायचे, आपला वॉर्मअप लवकर होतो.

ही चूक बाहेरच्या कुणाच्या हातून होणार नाही. बँकेतल्या बाईचं आठ किलो वजन आपोआप उतरलं तर घरचे तिला धरून डॉक्टरकडे नेतील. वजनगटात खेळणाऱ्या पोरीचं उतरलं तर पेढे वाटतात. आम्ही खरंच वाटले.

टाळ्या न वाजवणारा माणूस एकच होता. नेल्सन सर. मूळचे मनोरीचे, जुने बॉक्सर, नाक दोन जागी वाकलेलं, बोलणं मोजकं. एकोणपन्नासचा आकडा बघून त्यांनी मला बाजूला घेतलं.

“भात खातेस?”

“दोन वेळा.”

“पळणं?”

“कमी केलंय सर. दमायला होतं.”

“मग वजन तू नाही उतरवलंस. कोणी उतरवलं?”

मला तो टोमणा वाटला.

गाठ

त्याच आठवड्यात सरावात एका मुलीने माझा गळा काखेत आवळला. रोजचाच डाव. दोन दिवसांनी केस विंचरताना मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याखाली, लिंबाएवढी गाठ हाताला लागली. मी सरांना दाखवली. त्यांनी दोन बोटांनी दाबली.

“दुखतंय?”

“नाही.”

“आमच्या खेळातलं असतं तर दुखलं असतं. फाईट कॅन्सल. आधी डॉक्टरचा कागद.”

“सर, तीन आठवड्यांवर आलीये फाईट!”

“मला दिसतं कॅलेंडर.”

“माझ्याकडे ब्लॅक बेल्ट आहे सर, मी काय कालची पोरगी नाही.”

“बेल्ट कमरेला असतो बाळ. गाठ मानेला आहे.”

आता खरं सांगते. गाठीची मला भीती वाटली होती, पण राग आला तो फाईट गेल्याचा. आणि तो राग मी भीतीच्या अंगावर घातला. घरी येऊन म्हटलं, सरावात गळा आवळला आणि गाठ आली. यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त दोन्हींमधला ‘म्हणून’ मी ऐकणाऱ्यावर सोडला. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला हे बरोबर जमतं.

बाबा आमचे मालवणकडचे, बस कंडक्टर, आवाज मागच्या सीटपर्यंत पोचणारा. “माझ्या चेडवाची मान मोडल्यान त्या पिंजऱ्यावाल्यान!” अख्ख्या मजल्याला कळलं. गावडे सरांना फोन झाला. ते म्हणाले, “मी बोललो होतो.” मी बसले आणि एका दमात पत्रक लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं सर्वांत चांगलं पत्रक, भाषा म्हणाल तर. ‘एका खेळात मुरलेल्या मुलींना पिंजऱ्याचं आमिष दाखवून’ वगैरे.

रविवारी मी ते गावडे सरांच्या हॉलच्या पायरीवर वाटत होते, तेवढ्यात नेल्सन सर स्कूटरवरून उतरले. अंधेरीहून आमच्या घरी गेले होते, माझ्या बाबांना भेटायला; बाबा माझ्याबरोबर इथे आलेत हे कळल्यावर मुलुंडला आले. मी त्यांच्या हातात पत्रक दिलं आणि सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळ संपल्यावर पालकांनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी पत्रकाची चौकोनी घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली.

“डॉक्टरकडे गेलीस का?” एवढंच विचारलं. आणि स्कूटर चालू केली.

सर्टिफिकेट

गेलो. कशासाठी गेलो ते ऐका. सोसायटीकडे तक्रार करायची म्हणून बाबांना पुरावा हवा होता. पालिकेच्या रुग्णालयात दोन तास रांगेत थांबून आम्ही एका तरुण डॉक्टरबाईंसमोर बसलो.

“सर्टिफिकेट पाहिजे,” बाबा म्हणाले.

“कशाचं?”

“गळा आवळल्याचं.”

बाईंनी गाठ बघितली आणि सगळे भलतेच प्रश्न सुरू केले. वजन किती होतं, आता किती? घाम येतो? संध्याकाळी कणकण? मी प्रत्येकाला ‘हो’ म्हणत गेले, आणि प्रत्येक ‘हो’ बरोबर मला जिममधल्या टाळ्या ऐकू यायला लागल्या. चौथ्या ‘हो’ला माझा हात आपोआप गाठीवर गेला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना अजून कळलं नव्हतं.

गाठीत सुई घालून पाणी काढलं. रिपोर्ट यायला काही दिवस लागले. ते दिवस मी घरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावण्यात घालवले. त्यातली एक डबी अजून ‘मोहरी’ म्हणून उभी आहे, आत जिरं आहे.

“टीबी आहे, गाठीचा,” बाई म्हणाल्या. “सहा महिने गोळ्या. पूर्ण बरा होतो.”

“तो गळा आवळल्यान..?” बाबांचा आवाज पहिल्यांदा पुढच्या सीटपर्यंतही पोचला नाही.

“काका, गळा धरून टीबी होत असता ना, तर माझ्या सासरी एक माणूस वाचला नसता.”

मी हसले. मग रडले. मग दोन्ही एकदम चाललं. बाईंनी टिश्यूचा अख्खा खोका माझ्यापुढे सरकवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांच्याकडे वेळ नव्हता, आणि ते बरंच झालं.

सर्टिफिकेट मिळालं नाही. काट्यावर मात्र परत उभं केलं. कारण गोळ्या किती, ते वजनावर ठरतं. अठ्ठेचाळीस किलो. तीन गोळ्या. पन्नासच्या वर गेलीस तर चार, असं सिस्टर म्हणाल्या. म्हणजे इथेही वजनगट!

ताट

आईने शेजारी ‘टॉन्सिल’ म्हणून सांगितलं. मी, जी सगळ्या वॉर्डाला पत्रकं वाटते, तिच्या घरात दोन अक्षरांचा शब्द कुजबुजत बोलायचा! मी भांडले. आई म्हणाली, “तुझं लग्न व्हायचंय गं.” मी म्हटलं, लग्न गाठीशी करायचंय का? ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी माझं ताट वेगळं झालं. माझ्यापुढे जुनं, काठ चेपलेलं ताट आलं. गाठीचा टीबी एकत्र जेवून पसरत नाही, हे डॉक्टरबाईंनी आईसमोरच सांगितलेलं. पण कानावर पडणं वेगळं आणि हाताला पटणं वेगळं. मी त्या ताटाकडे बघत बसले. बाबांनी आपलं ताट बाजूला सारलं, हात लांब केला, आणि माझ्या ताटातला कालवलेला आमटी-भात उचलून खाल्ला.

“मीठ कमी आसा,” म्हणाले.

आई उठली. चेपलेलं ताट तिने माळ्यावर टाकलं आणि जेवण होईपर्यंत आमच्याकडे पाठ करून ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छ होता.

आणखी एक सांगायचं राहिलं, कारण हे कोणी आधी सांगत नाही आणि माणूस घाबरतो. गोळ्या सुरू झाल्या की लघवी केशरी होते. पहिल्या सकाळी मी किंचाळले. बाबा दाराबाहेरून, “काय झाला गो?” मी म्हटलं, “मिरिंडा!” पुढे घरात तोच शब्द रूढ झाला. मिरिंडा येतेय, म्हणजे गोळी घेतलीये. आई रोज विचारायची.

वॉर्ड

महिन्याभराने गाठ पिकली. छोटा चिरा द्यावा लागला आणि सहा दिवसांसाठी भरती झाले. पहाटे थर्मामीटर, सातला पाणचट चहा, दहाला ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी मी सिस्टरना ज्युदोतल्या फेकींची नावं ऐकवायचे, ओरडण्याऐवजी. सिस्टर म्हणायच्या, “शिव्या आहेत का गं या?”

शेजारच्या खाटेवर हिरामावशी होत्या. वर्सोव्याच्या, चाळीस वर्षं मासळी विकलेल्या, पायाला जखम झाली म्हणून आलेल्या. पहिल्या तासात त्यांनी माझं सगळं काढून घेतलं, पत्रकासकट.

“म्हणजे त्याने डॉक्टरकडे जा सांगितलं, आणि तू त्यालाच चोर केलंस?”

“हो मावशी.”

“माफी मागितलीस?”

“फोन उचलायची हिंमत होत नाही.”

“माणसं फेकतेस आणि फोन उचलत नाय? चल, नंबर लाव.”

त्यांनी माझ्याच फोनवरून स्वतः बोलून टाकलं. “तुमची पोरगी इथे पडलीये, या बघायला.” मी चादर डोक्यावर ओढली.

नेल्सन सर दुसऱ्या दिवशी चारच्या भेटीच्या वेळेला आले. हातात पिशवी, पिशवीत फुगे. त्यांच्याकडे लग्नकार्याला करतात ते गोल, तळलेले, गोडसर पाव. प्रत्येक फुगा वेगळ्या पिवळ्या कागदात गुंडाळलेला. ‘पिंजऱ्याला नकार’ तेलाने पारदर्शक झालेलं.

“सर...”

“जिमच्या दारातून कोणीतरी गठ्ठाच टाकून गेलेलं. इतका चांगला कागद, म्हटलं वाया कशाला घालवू. खा, गरम आहे.”

माझी माफी मी तोंडात फुगा असताना मागितली. शब्द धड फुटले नाहीत. सर म्हणाले, “आधी गीळ. मग परत माग. नीट ऐकायचीये मला.” मी गिळला आणि परत मागितली. नीट.

आणि तेवढ्यात दारात गावडे सर. हातात शहाळं.

दोघे पहिल्यांदाच समोरासमोर. मधे माझी खाट. मला वाटलं आता वाट लागली.

गावडे सरांनी शहाळं ठेवलं, घसा साफ केला. “गाठीचा दोष तुमचा नव्हता, मान्य. पण मूळ मुद्दा तसाच आहे. एका विद्येत मुरायला दहा वर्षं जातात. हिची मांडीवरून फेकायची फेक मी मिलिमीटर मिलिमीटर घडवली. तुमच्याकडे धरायला ज्युदोचं जॅकेटच नाही. ही धरणार काय?”

“मान. खांदा. मनगट.”

“घामाने निसरडं झालेलं!”

“मासा काय कपडे घालून येतो?” पलीकडच्या खाटेवरून हिरामावशी. “तरी धरतोच ना आम्ही!”

वॉर्डातल्या सगळ्या खाटा हसल्या. गावडे सरसुद्धा, मिशीतल्या मिशीत. पण त्यांनी हार मानली नाही, आणि त्यांचं पुढचं बोलणं मी विसरणार नाही. “माझी भीती निराळी आहे. माझ्याकडे ही दहाजणींना शिकवण्याइतकी मोठी आहे. तिथे परत पहिल्या रांगेत उभी राहणार. मोठ्या झालेल्या माणसाला परत लहान होणं झेपत नाही. मग तो उगाच धाडस करतो.”

नेल्सन सर म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. हिने केलंच की धाडस.” मग माझ्याकडे बोट करून, “पण हिला घेतली का, माहितीये? पडायला घाबरत नाही ही. बॉक्सरला मी वर्षभर शिकवतो तरी पडताना हात टेकतो तो. हिला ते तुम्ही देऊन पाठवलंत.”

गावडे सरांनी शहाळ्यात स्ट्रॉ खुपसली. एक मला दिली आणि एक नेल्सन सरांना. “तुम्ही घ्या. मी घरी पिऊन आलोय.”

चौथी गोळी

घरी आल्यावर खरी परीक्षा. खेळायला बंदी, बसून गोळ्या. मी चिडचिडी झाले, आईशी दिवसातून दोनदा भांडायचे. मग नेल्सन सरांनी मनोरीला बोलावलं. आई आणि मी मार्वेहून बोटीने पलीकडे जायचो. सरांची बायको आईला फुगे शिकवायची, आई तिला सोलकढी. मी किनाऱ्यावर चालायचे. पहिल्या दिवशी दोनशे पावलं आणि मग सुकायला टाकलेल्या बोंबलांच्या मांडवाशी टेकून धापा. महिनाभराने एक टोक ते दुसरं टोक. दोन्ही टोकं गाठली की आईला कळायचं की आज पोरगी भांडणार नाही.

एका तपासणीला काटा एक्कावन्नवर थांबला. सिस्टर म्हणाल्या, “चार गोळ्या आता.” मी त्या जागेवर अशी उडी मारली की काटा परत हलला. वजन वाढल्याचा आनंद! आयुष्यात पहिल्यांदा. गट वाढल्याचे पेढे बाबांनी बसमध्ये ड्रायव्हरपासून शेवटच्या प्रवाशापर्यंत वाटले, आणि विचारेल त्याला, “चेडवाक टीबी होतो, बरो झालो,” असं तिकिटाबरोबर सांगितलं. आईचा टॉन्सिल त्या दिवशी संपला.

शेवटची गोळी झाल्यावर मी दोन्हीकडे गेले. सोमवारी मुलुंड. गावडे सरांनी मला फेकलं. मॅटवर पाठ आदळली, हात थपकन वाजला, आणि मी छताकडे बघत वेड्यासारखी हसत पडून राहिले. गुरुवारी अंधेरी. काट्यावर सत्तावन्न. टाळ्या वाजवायला पोरींनी हात उचलले, तसे नेल्सन सर म्हणाले, “थांबा. कसं आलं, विचारा आधी.”

आता तो नियमच झालाय तिथे. आकडा कुठेही सरको, आधी प्रश्न, मग टाळी.

तर जायचं का?

लोक मला विचारतात, ज्युदोतली, कुस्तीतली, कराटेतली पोरं एमएमएत जावीत का? गाठ आली तेव्हा मी ‘नाही’ म्हणून दोनशे कागद वाटले. आता माझं म्हणणं सांगते.

जावं. पण बेल्ट घरी ठेवून जावं. मी पाहुणी म्हणून गेले होते, हार घालून घेण्याच्या तयारीने. नवशिकी म्हणून गेले असते तर ‘डॉक्टरकडे जा’ हे ऐकलं असतं. आणि जायच्या आधी एकच गोष्ट बघावी: जो शिकवणार आहे तो आपल्याला ‘नाही’ म्हणू शकतो का. तुमची फाईट स्वतःच्या तोंडाने कॅन्सल करणारा माणूस भेटला तर त्याच्या पिंजऱ्यात डोळे मिटून शिरा. माझ्या समोर तो उभा होता आणि मी त्याच्यावर पत्रक काढलं.

सोसायटीला हे मी लेखी दिलंय. पण कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, तेव्हाही तुम्हीच लिहिलं होतंत. कुठलं खरं धरायचं?” रास्त आहे. माझ्या एका कागदाने भागणार नाही.

दोनशेपैकी एकशे एकोणचाळीस पत्रकं परत आलीत, फुग्यांची तेलकट अकरा धरून. गावडे सर स्वतः पालकांच्या दारोदार फिरले. उरलेल्या एकसष्टातलं एक सोसायटीच्या फाईलीत, बाकी साठ तुमच्याकडे आहेत. कपाटात, वहीच्या घडीत, डब्याखाली अंथरलेली, कुठेतरी. त्या संध्याकाळी पायरीवर टाळ्या वाजवणारे तुम्हीच होतात.

तेव्हा रविवारी सकाळी दहाला अंधेरीला या. पत्ता पत्रकावर मीच छापलाय, दुर्दैवाने. तो पिवळा कागद घेऊन या, सभेत सगळ्यांसमोर माझ्या हातात द्या, आणि नेल्सन सरांकडे बघून सांगा की टाळी चुकली होती. निघायच्या आधी आरशासमोर उभे राहा, जबड्याखालून मानेपर्यंत दोन बोटं फिरवा, तुमची आणि घरच्या पोरांची. काही लागलं तर सभेला येऊ नका. डॉक्टरकडे जा. तुमचा कागद मी येऊन घेऊन जाईन.